पंचवीस अंशांची खोली

मी प्रोसेसर तापवण्याचं काम करते. संगणकाचा मेंदू म्हणतात तो तळहातापेक्षा लहान चौकोनी तुकडा, त्यातले सगळ्यात ताकदवान आणि महागडे जे असतात ते, बाजारात यायच्या काही दिवस आधी माझ्याकडे येतात. त्यांच्यासोबत त्यांना थंड ठेवणारे पंखे आणि पाण्याचे कूलरही येतात. मी ते एका उघड्या लोखंडी चौकटीवर जोडते, प्रोसेसरला जमेल तेवढं सगळं काम एकदम देते आणि पाहत बसते: किती वेगानं चालतो, किती तापतो, आणि तापल्यावर स्वतःला वाचवण्यासाठी वेग किती कमी करतो. ते आकडे मी बेंगळुरूच्या एका संकेतस्थळाला पाठवते. तिथे ते वाचून लोक ठरवतात, कोणता घ्यायचा.

हे काम मी आधी पुण्यात एका प्रयोगशाळेत करायची. बाबांना लकवा झाला तेव्हा दोन महिन्यांची सुट्टी काढून भंडारा जिल्ह्यात, आमच्या गावी पवनीला आले. आई मी कॉलेजात असतानाच गेली होती. बाबांची उजवी बाजू गेली होती, बोलणं तुटक झालं होतं. घरी त्यांची थोरली बहीण होती. आत्याबाई नवरा गेल्यावर दिघोरीहून आमच्याकडे राहायला आलेल्या, स्वतःच्याच गुडघ्यांनी हैराण. त्यांच्या एकटीच्यानं बाबांना उचलणं होत नव्हतं. दोन महिन्यांचे सहा झाले. सुट्टी संपली, नोकरी गेली, आणि माझ्या जुन्या ओळखीतून हे घरून करायचं काम मिळालं. ज्या वर्षाबद्दल सांगते आहे तो माझा पवनीतला तिसरा उन्हाळा.

चाचणीसाठी खोलीचं तापमान एकसारखं लागतं. सकाळी तीस आणि दुपारी बेचाळीस असेल तर प्रोसेसर किती तापला याला काही अर्थ उरत नाही. म्हणून घराच्या मागची, पूर्वी धानाची पोती ठेवायची खोली मी रिकामी करून घेतली. तिची एकुलती खिडकी थर्माकोल लावून बुजवली. दाराच्या फटीत रबराची पट्टी ठोकली. घरातला एकमेव एसी त्या खोलीत बसला आणि पंचवीस अंशांवर ठेवला गेला. चौकटीच्या पंख्यासमोर मी एक तापमापक टांगला. एक चाचणी अर्ध्या तासाची. त्या अर्ध्या तासात दार उघडायचं नाही, हा माझा नियम.

सुरुवातीला त्या खोलीत बरं वाटायचं. बाहेर गल्ली तापलेली, आत गार. पण दिवसातून आठ-दहा वेळा अर्धा-अर्धा तास त्या बुजवलेल्या खोलीत पंख्यांची घरघर ऐकत बसलं की दिवस आणि ऋतू कळेनासे होतात. बाहेर आले की डोळे मिटावे लागायचे. माझ्याबरोबरच्या मुली पुण्यात, हैदराबादला, कोणी परदेशात. त्यांच्याशी बोलताना मी सांगायची की काम छान चाललंय, आणि फोन ठेवला की पुन्हा दार लावून घ्यायची. मी परत जाईन असं स्वतःला सांगणं मी कधी थांबवलं, ते मला नेमकं सांगता येणार नाही.

"दिवसभर दार लावून काय करून राह्यते व माय?" आत्याबाईंनी एकदा विचारलं होतं.

"मशीन तपासून राह्यली, आत्याबाई."

"थे एवढी कायले तापते?"

"काम करते म्हून."

"मंग कमी काम दे न तिले," त्या म्हणाल्या आणि तांदूळ निवडायला बसल्या.

त्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी, ऐन नवतपात, उन्हाळ्याच्या सगळ्यात कडक नऊ दिवसांत, एक नवा प्रोसेसर आला. त्या कंपनीचा सगळ्यात वरचा. सोबत एका दुसऱ्या कंपनीचा पाण्याचा कूलर: प्रोसेसरवर बसणारा एक गोल पंप, त्यातून निघणाऱ्या दोन रबरी नळ्या, आणि तीन पंख्यांची लांब जाळी. पंप गरम पाणी एका नळीतून जाळीकडे ढकलतो, जाळीत ते थंड होतं, दुसऱ्या नळीतून परत येतं. दोन्हींचं परीक्षण शुक्रवारी संध्याकाळी प्रसिद्ध व्हायचं होतं. पार्सल आलं सोमवारी. शुक्रवारी त्याच तासाला जगभरातले सगळे परीक्षक आपापले आकडे टाकतात. जो उशीर करतो त्याचं कोणी वाचत नाही.

सोमवारी सगळं नीट झालं. आकडे स्थिर आले, मी ते लिहून ठेवले.

मंगळवारी दुपारी चाचणी चालू असताना आत्याबाईंनी दार वाजवलं. त्या नियम मोडत नसत, म्हणून मी लगेच उघडलं.

"भाऊचं अंग पाह्य कसं तापलं."

बाबा मधल्या खोलीत होते. तिथे पाण्याचा जुना कूलर चालू होता, पण त्याच्या वाळ्याच्या ताट्या सुकल्या होत्या. दुपारी व्होल्टेज इतकं पडायचं की त्याचा पंप पाणी वर चढवूच शकत नसे, नुसती गरम हवा फेकायचा. माझ्या यंत्रांना स्टॅबिलायझर होता, बॅटरी होती. बाबांच्या कूलरला यातलं काही नव्हतं. त्यांचं कपाळ भाजत होतं, ओठ कोरडे पडले होते, आणि ते मला ओळखल्यासारखं पाहत नव्हते.

चौकातले डॉक्टर आले. त्यांनी सलाइन लावलं, ओल्या फडक्यांनी अंग पुसायला सांगितलं. थोड्या वेळानं बाबांनी डोळे नीट उघडले. जाताना डॉक्टर म्हणाले, "यांना थंड खोलीत ठेवा. घरी एसी आहे न तुमच्या?"

"आहे."

गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. एसीचं पाणी बाहेर टपकायचं.

"मंग पेशंट इकडं काहून?"

त्यांनी उत्तराची वाट पाहिली नाही, बॅग उचलून गेले. घरात तीन माणसं होती आणि गारवा एका यंत्राला दिला होता. तीन उन्हाळे मला यात काही विचित्र दिसलं नव्हतं. आत्याबाईंना दिसलं असेल, पण त्या बोलल्या नव्हत्या.

संध्याकाळच्या आत शेजारच्या दोघांना बोलावून बाबांची खाट मागच्या खोलीत आणली. खाट भिंतीला लागली, चौकट टेबलासकट कोपऱ्यात सरकली, आणि मला खुर्ची ठेवायला दोघांच्या मधे जेमतेम जागा उरली.

बुधवारी सकाळी मी सोमवारचीच चाचणी पुन्हा लावली. आकडा तीन अंश जास्त आला. दुपारी पाच अंश जास्त. तोच प्रोसेसर, तोच कूलर, तोच भार. मी बाबांकडे पाहिलं. माणसाच्या अंगाची ऊब असते, श्वास असतो, आत्याबाई फडकं घेऊन आत-बाहेर करतात. खोली बिघडली, असं मी ठरवलं. टांगलेला तापमापक पंचवीसच दाखवत होता. रोज मी ज्याच्यावर विसंबायची, त्याच्यावर त्या दिवशी मी विश्वास ठेवला नाही.

संकेतस्थळाच्या संपादकांचा फोन आला. ते पुण्याचे, माझ्याहून थोडे मोठे, कामात चोख.

"सोमवारचे आणि आजचे आकडे जुळत नाहीत. काय झालंय?"

"वडिलांना ऊन लागलंय. त्यांना याच खोलीत ठेवावं लागलं."

ते मऊ आवाजात म्हणाले, "आता बरे आहेत ना? बरं. पण मग तेवढा अर्धा तास त्यांना बाहेर नाही का ठेवता येणार? दिवसातून चार-पाच वेळाच."

"बाहेर शेहेचाळीस अंश आहे."

"समजतं मला. पण शुक्रवार पुढे जाणार नाही."

ते वाईट माणूस नव्हते. मीही त्यांच्या जागी हेच म्हटलं असतं. फोन ठेवल्यावर मी आत्याबाईंना सांगितलं, चाचणी चालू असेल तेव्हा आत यायचं नाही. बाबांची फडकी मीच बदलेन. त्यांनी मान हलवली.

गुरुवारी सकाळी अकराला मी दार लावलं, रबराची पट्टी दाबून बसवली आणि चाचणी सुरू केली. पंखे घरघरायला लागले. पडद्यावर तापमानाची रेघ चढू लागली. सातआठ मिनिटं झाली असतील, खाटेवरून आवाज आला.

"बाई."

बाबा मला बाईच म्हणतात.

"काय बाबा?"

"बाहेर."

त्यांना संडासला जायचं होतं. खाटेखाली भांडं होतं, पण ते माझ्यासमोर कधी वापरत नसत. आत्याबाई यायच्या, आम्ही दोघी मिळून त्यांना खुर्चीवर बसवून अंगणात न्यायचो, आणि मी तिथून निघून जायची. हा आमच्या तिघांतला न बोललेला करार होता.

"बाबा, वीस मिनिटं. थोडंसं थांबता येईल काय?"

त्यांनी डोळे मिटले. मी पडद्याकडे वळले. रेघ कालच्यापेक्षाही वर चालली होती. मी मनात म्हणत होते की हा एक आकडा नीट मिळाला की मग दिवसभर दार उघडं ठेवीन.

"बाई. बाहेर."

"बारा मिनिटं राह्यली, बाबा. झालंच."

थोड्या वेळानं मला वास आला. मी मागे वळून पाहिलं तर त्यांनी तोंड भिंतीकडे केलं होतं. डावा हात चादरीच्या काठाला घट्ट धरून होता. अजून सहा मिनिटं बाकी होती. हे मी लिहिते आहे कारण ते खरं आहे: त्या सहा मिनिटांतही मी लगेच उठले नाही. आता उठून काय फरक पडणार, असं काहीसं वाटलं आणि मी बसून राहिले. रेघ वर जाऊन आडवी झाली. प्रोसेसर त्याच्या मर्यादेला टेकला होता आणि आपला वेग पायरी-पायरीनं कमी करत होता. अर्धा तास पुरा झाला. आकडा निरुपयोगी होता.

मी दार उघडलं. आत्याबाई बाहेर पाट टाकून बसल्या होत्या. त्यांना काही सांगावं लागलं नाही. आम्ही दोघींनी बाबांना पुसलं, चादर बदलली, धुतलेलं लुंगीचं कापड गुंडाळलं. बाबांनी पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते. बादली घेऊन मी अंगणात आले, मागून आत्याबाई आल्या.

"थे मशीन मधात बंद नाई होत काय?" त्यांनी विचारलं.

"होते."

"मंग?"

त्यांचा आवाज चढलेला नव्हता. मी चादर दगडावर घासत राहिले. हातावर ऊन भाजत होतं, पण सावलीत सरकायची माझी हिंमत होत नव्हती.

दुपारी मी चाचणी लावली नाही. यंत्र चालू होतं, पण मी नुसती खुर्चीवर बसून होते. दार सताड उघडं. बाबा जागे होते आणि माझ्याकडे नाही, चौकटीकडे पाहत होते. दोन दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर तेच होतं. बाबा तीस वर्षं पवनीबाहेरच्या राइस मिलमध्ये फिटर होते. मिल चालू असताना ते विजेच्या मोटारींच्या मधून फिरायचे आणि प्रत्येक बेअरिंगला हाताची पालथी बाजू लावून बघायचे. लहानपणी डबा घेऊन गेले की मी ते पाहायची. कुठे जास्त गरम लागलं तर तिथेच थांबायचे, बाकीच्यांना हाक मारायचे.

त्यांनी डावा हात उचलून कूलरकडे बोट केलं.

"दाखव."

"हे दाखवू काय, बाबा?"

"जवळ."

मी टेबल ओढून खाटेला लावलं. त्यांनी हात लांबवला, पालथा केला आणि एका नळीला टेकवला. मग दुसरीला. पुन्हा पहिलीला. घाई नव्हती. बऱ्याच महिन्यांत मी त्यांचा चेहरा इतका मन लावून काही करताना पाहिला नव्हता.

"हे गरम," ते म्हणाले. "हे थंड."

मी हात लावला. एक नळी चटका बसेल अशी, दुसरी अगदी खोलीसारखी. चांगल्या कूलरमध्ये दोन्ही नळ्या जवळपास सारख्याच लागतात, कारण पाणी भराभर फिरत असतं. हे मला माहीत होतं. मी कितीतरी जणांना हे शिकवलं होतं. पण चार दिवसांत मी नळ्यांना हात लावला नव्हता, मी पडदा पाहत होते.

"पंप तर चालू हाय, बाबा. इथं पडद्यावर त्याचे फेरे दिसून राह्यले."

"फिरते." त्यांनी श्वास घेतला. "पानी... नाई फिरून राह्यलं."

पंपाचं पातं फिरत होतं, पण आत कुठेतरी गाळ अडकला होता आणि पाणी पुढे सरकत नव्हतं. सोमवारी बरंच सरकत असेल, रोज कमी होत गेलं. मी तो कूलर काढला आणि माझ्याजवळचा त्याच मापाचा जुना कूलर जोडला. प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा जुना लेप पुसून नवा लावला. चाचणी लावली. दार उघडलं नाही, पण बाबा खोलीत होते, आत्याबाई खोलीत होत्या, मी होते. अर्ध्या तासानं आकडा आला तो सोमवारच्या आकड्याहून अर्ध्या अंशानं कमी.

म्हणजे बाबांच्या असण्यानं काहीच बिघडलं नव्हतं. दार दोनदा उघडलं असतं तरी बिघडलं नसतं. एसीनं ते भरून काढलं असतं, तापमापक ते मला सांगतच होता. मी सकाळी त्यांना जे थांबवलं, ते कशासाठीच नव्हतं.

"बरोबर होतं तुमचं," मी म्हटलं.

त्यांच्या तोंडाची डावी बाजू हलली. त्यांना बरं वाटलं असावं. मला सकाळबद्दल माफी मागायची होती. शब्द तोंडात होते. पण तो विषय काढला तर ती लाज त्यांना पुन्हा सोसावी लागेल असं वाटलं, आणि मी गप्प राहिले. हे त्यांच्यासाठी केलं की माझ्यासाठी, मला अजून ठरवता आलेलं नाही.

संपादकांना फोन करून मी सांगितलं की कूलर सदोष आहे, चाचण्या पुन्हा कराव्या लागतील, शनिवारशिवाय होणार नाही.

"कूलरचं आत्ता लिहू नका," ते म्हणाले. "कंपनीला कळवू, दुसरा नमुना मागवू. प्रोसेसरचं तेवढं पाठवा. पण शनिवार म्हणजे फार उशीर."

"मला माहीत आहे."

मी पुढचे दोन दिवस दर चाचणीनंतर दार उघडलं, आणि एकदा चाचणी मधेच बंद करून उघडलं कारण बाबांनी हाक मारली. ती चाचणी मी टाकून दिली आणि पुन्हा केली. शनिवारी परीक्षण गेलं. त्यात मी लिहिलं होतं की या प्रोसेसरला मिळणारी वीज एक तृतीयांशानं कमी केली तर तो बराच थंड राहतो आणि वेगात फारसा फरक पडत नाही. कंपनीनं त्याला शेवटच्या थोड्याशा वेगासाठी उगाच जाळलं आहे. पद्धतीच्या रकान्यात मी नेहमी लिहायची, "चाचणी बंद, नियंत्रित खोलीत." या वेळी पुढे जोडलं, "खोलीत तीन माणसं होती." संपादकांनी ते वाक्य काढून टाकलं. परीक्षण फार कोणी वाचलं नाही. कूलर बनवणाऱ्या कंपनीनं कळवलं की तो एक नमुना खराब निघाला असावा. दुसरा पाठवला, तो चांगला होता.

बाबांची खाट त्या खोलीतून परत गेली नाही. पावसाळा आला तरी तिथेच राहिली. मला वाटलं होतं की मी गुदमरेन, आणि काही दिवस गुदमरलेही. माझा एकटीचा असा एकच कोंडवाडा होता, त्यातही आता दुसरं कोणी होतं. मी चिडायची. चाचणीच्या मधे बाबा खोकले की माझ्या मानेच्या शिरा ताणल्या जायच्या. आणि ते मला कळतं हे त्यांना कळायचं, म्हणून ते खोकला दाबायचे. हे आम्ही दोघंही कित्येक महिने करत होतो.

ऑक्टोबरात संपादकांनी विचारलं की बेंगळुरूला त्यांची स्वतःची प्रयोगशाळा उभी राहते आहे, ती सांभाळायला याल का. मोठी जागा, चार जणांचा चमू, हवामान आपोआप सांभाळणाऱ्या खोल्या. मी विचार करून सांगते म्हटलं. फोनवर बोलत होते ते अंगणात, पण खोलीचं दार उघडं होतं.

आत्याबाईंनी धान्याचं सूप बाजूला ठेवलं. "तुले जायचं हाय काय?"

"हाव."

"मंग जा न."

"तुमच्यानं होईल काय एकटीच्यानं?"

त्या खोटं बोलल्या नाहीत. "नाई होनार," त्या म्हणाल्या आणि पुन्हा सूप हातात घेतलं.

मी आत गेले तेव्हा बाबा माझ्याकडे बघत होते. "जा," ते म्हणाले. एवढंच.

भंडाऱ्यात, नागपुरात मी सांभाळणाऱ्या बाईची चौकशी केली. एक आली, आठवडाभर राहिली आणि गेली. दुसरी आलीच नाही. बाबांना सोबत नेण्याचा विचार केला, पण आत्याबाई पवनी सोडायला तयार नव्हत्या, आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या घरात बाबांना मी एकटी कशी उतरवणार होते. मी महिनाभर उत्तर टाळलं. प्रेमापोटी थांबले असं म्हणायला मला आवडलं असतं. खरं म्हणजे मला एकही रस्ता सापडला नाही, आणि ज्यांच्यामुळे सापडला नाही ते रोज मला जा म्हणत होते.

डिसेंबरात कळलं की त्या जागेवर दुसरं कोणी लागलं. मी घरात कोणालाच सांगितलं नाही. त्या दुपारी चहा घेऊन आत गेले तेव्हा बाबा पुन्हा म्हणाले, "जा."

"हो बाबा, जाते," मी म्हटलं, आणि त्यांचा चहा बशीत ओतून फुंकर मारली.